बेट्सीचा हक्क आणि माझ्या फुफीची सही

माझ्या फुफीने हक्कसोडपत्रावर सही केली तेव्हा मी अकरावीत होतो. दादांचा इंतकाल होऊन जेमतेम दोन महिने झाले होते. अब्बा आणि चाचा तिला घेऊन दुय्यम निबंधक कार्यालयात गेले, तिथे तिने सही केली, अंगठा दिला, फोटो काढला. येताना मिठाई आणली. तिला एक ड्रेसपीस दिला. घरात कुणीही आवाज चढवला नाही, कुणी धमकावलं नाही. फुफी हसतच म्हणाली, "भावांचं घर म्हणजे माझं माहेर. ते शाबूत राहू दे, बस्स." फेरफार झाला आणि सातबाऱ्यावरून तिचं नाव गेलं. काही वर्षांनी त्याच जमिनीचा रस्त्याकडचा तुकडा विकला. त्या पैशातून चाचांच्या घराला स्लॅब पडला आणि माझ्या वकिलीच्या शिक्षणाची फी भरली गेली.

म्हणजे या लेखात मी तटस्थ नाही. मी लाभार्थी आहे. हे आधीच सांगून टाकतो.

हे सगळं मला आत्ता आठवायचं कारण म्हणजे अमेरिकेतला एक जुना खटला. कॉलेजात असताना वादविवाद स्पर्धेत मी एक मुद्दा हमखास वापरायचो. इस्लामने बाईला चौदाशे वर्षांपूर्वी मालमत्तेचा हक्क दिला आणि अमेरिकेत तो एकोणिसाव्या शतकात मिळाला. टाळ्या पडायच्या. मुद्दा खोटाही नाही. पण 'एकोणिसाव्या शतकात मिळाला' म्हणजे नेमका कसा मिळाला, हे मी कधी वाचलं नव्हतं. ते वाचलं आणि टाळ्यांचा मोह थोडा कमी झाला.

तेव्हाचा अमेरिकेतला कायदा इंग्लंडहून आलेला होता. ब्लॅकस्टोनने १७६५ मध्ये तो लिहून ठेवला आहे. लग्न झालं की कायद्याच्या नजरेत नवरा-बायको एकच व्यक्ती, आणि ती व्यक्ती म्हणजे नवरा. बायकोचे पैसे, दागिने, गुरंढोरं, जे काही हलवता येईल ते सगळं नवऱ्याचं. तिच्या नावची जमीन असेल तर ती विकायला तिची संमती लागे, पण कसायची कुणी आणि उत्पन्न कुणाच्या खिशात, ते नवरा ठरवणार. तिला स्वतःच्या नावाने करार करता येत नसे, एकटीने दावा लावता येत नसे. नवरा कर्जात बुडाला तर सावकार तिने माहेरून आणलेलं सामानही उचलून नेऊ शकत होता, कारण कायद्याने ते तिचं उरलेलंच नसे. विधवा झाल्यावर नवऱ्याच्या जमिनीपैकी एक तृतीयांश हिस्सा हयातीपुरता वापरायला मिळे. त्याला 'डावर' म्हणत. विकण्याचा हक्क नाही, मुलांच्या नावे करण्याचा नाही.

पूर्व किनाऱ्यावरच्या जुन्या गावांत निदान कागद, चर्च आणि कोर्ट जवळ होतं. सीमेवर, म्हणजे जंगल तोडून नव्याने वस्ती होत होती त्या मुलखात, सगळंच ढिलं. लग्नं कोणत्या रिवाजाने झाली याचा पत्ता नाही, कोर्ट दूर, जमीन दरवर्षी हात बदलणारी. आणि जमीन भराभर विकायची तर मध्ये बायकोचा तो एक तृतीयांश हिस्सा आडवा येई. मग तो हिस्सा कापायला सुरुवात झाली. मॅसॅच्युसेट्सच्या न्यायालयाने १८१८ मध्ये ठरवलं की न तोडलेल्या जंगल जमिनीत विधवेला डावर नाही. कारण काय दिलं? अशा जमिनीतून उत्पन्न येत नाही, आणि तिने झाडं तोडून शेत केलंच तर तो जमिनीचा नाश ठरेल आणि तिचा हक्क जाईल. पुरुषाने झाड तोडलं तर सुधारणा, विधवेने तोडलं तर नाश.

आता तो खटला. मिसिसिपी राज्यात, चिकसॉ या मूळनिवासी लोकांच्या मुलखात बेट्सी लव्ह नावाची एक चिकसॉ बाई राहत होती. तिने जेम्स ॲलन नावाच्या माणसाशी चिकसॉ रिवाजाप्रमाणे लग्न केलं. चिकसॉ समाजात कुळ आईकडून चालत असे, मुलं आईच्या कुळाची. आणि बायकोची मालमत्ता लग्नानंतरही बायकोचीच राही. नवऱ्याचा तिच्यावर हक्क नाही, नवऱ्याच्या कर्जाशी तिचा संबंध नाही. जेम्सवर फिशर नावाच्या माणसाचं देणं होतं. ते वसूल करण्यासाठी बेट्सीच्या मालमत्तेवर जप्ती आली. ती मालमत्ता बेट्सीने त्याआधीच, १८२९ मध्ये, बक्षीसपत्राने आपल्या मुलीला देऊन टाकली होती. फिशरचं म्हणणं सरळ होतं. बायकोचं ते नवऱ्याचं, मग तिने देऊन टाकलंच कसं?

१८३७ मध्ये मिसिसिपीच्या वरिष्ठ न्यायालयाने निकाल दिला. राज्याने १८३० मध्ये आपले कायदे चिकसॉ लोकांवर लागू केले होते. पण हे लग्न त्याच्या आधीचं, चिकसॉ रिवाजाने झालेलं. त्या रिवाजाने ही मालमत्ता बेट्सीची, जेम्सची नव्हे. म्हणून जेम्सच्या देण्यासाठी ती विकता येणार नाही. फिशर हरला.

ज्यांना 'रानटी' म्हणून हिणवलं जात होतं त्यांच्या रिवाजात बाईला जे सहज मिळत होतं, ते 'सुसंस्कृत' कायद्यात नव्हतं. मी इथपर्यंत वाचलं आणि मनात म्हटलं, वा! हेच तर आपण सांगतो. आपल्याला मागास म्हणणाऱ्यांनी हे वाचावं.

मग मी पुढे वाचलं. जप्त झालेली ती मालमत्ता म्हणजे जमीन नव्हती, गाय नव्हती, सोनंही नव्हतं. तो एक माणूस होता. त्याचं नाव टोनी. तो गुलाम होता. सगळा वाद टोनी कुणाचा यावर चालला. नवऱ्याचा, बायकोचा, मुलीचा की सावकाराचा? तो स्वतःचा आहे का, हा प्रश्न त्या कोर्टात कुणी विचारला नाही. अमेरिकेतल्या स्त्रियांच्या मालमत्ता हक्काच्या इतिहासात अभिमानाने सांगितला जाणारा हा निकाल एका माणसाच्या गुलामीवर उभा आहे. आणि ज्या १८३७ साली कोर्टाने चिकसॉ रिवाजाचा मान राखला, त्याच साली चिकसॉ लोकांना त्यांच्या मुलखातून उठवून मिसिसिपी नदीपलीकडे पाठवायला सुरुवात झाली. रिवाज कोर्टाच्या दफ्तरात राहिला आणि माणसं हाकलली गेली.

पुढची गोष्टही अशीच आहे. दोन वर्षांनी, १८३९ मध्ये, मिसिसिपीने विवाहित स्त्रियांच्या मालमत्तेचा कायदा केला. अमेरिकेतल्या अशा कायद्यांच्या यादीत तो अगदी सुरुवातीला घेतला जातो. ऐकायला मोठं वाटतं. पण त्या कायद्याची पाच कलमं आहेत आणि त्यातली चार गुलामांबद्दल आहेत. गुलाम बायकोच्या नावावर राहतील, नवऱ्याच्या कर्जात जप्त होणार नाहीत. मात्र त्यांच्यावरचा ताबा, व्यवस्था आणि त्यांच्या श्रमातून येणारं उत्पन्न नवऱ्याकडेच. १८३७ ची मोठी मंदी आली होती, कापसाचे भाव पडले होते, मळेवाले कर्जात बुडत होते. सावकाराच्या हातून घरची मालमत्ता वाचवायची तर बायकोचं नाव कामाचं होतं. मालकी बायकोची, चावी नवऱ्याची.

कॅलिफोर्नियात काय झालं पाहा. १८४८ च्या तहाने तो मुलूख मेक्सिकोकडून अमेरिकेकडे आला. तिथे स्पॅनिश परंपरेचा कायदा होता. त्यात लग्नानंतर कमावलेलं दोघांचं आणि माहेरून आणलेलं बाईचं स्वतःचं. १८४९ मध्ये माँटेरेला राज्यघटना लिहायला प्रतिनिधी बसले. बाईच्या स्वतंत्र मालमत्तेचं कलम ठेवावं की काढावं यावर वाद झाला. व्हर्जिनियाहून आलेल्या बॉट्सने कडाडून विरोध केला. त्याच्या मते यामुळे निसर्गाने घालून दिलेली घरातली व्यवस्था बिघडेल. हॅलेक नावाच्या प्रतिनिधीने बाजू घेतली. तो अविवाहित होता. त्याचा युक्तिवाद असा, की सगळ्या अविवाहित पुरुषांनी या कलमाला मत द्यावं, म्हणजे पैसेवाल्या बायका कॅलिफोर्नियात येतील. खाणीच्या मुलखात पुरुषच पुरुष, बायका मोजक्या. कलम मंजूर झालं. पुढच्याच वर्षी विधिमंडळाने कायदा करून बायकोच्या स्वतंत्र मालमत्तेचीही व्यवस्था नवऱ्याच्या हाती दिली. पुन्हा तेच. सातबारा तिचा, कुलूप त्याचं.

ओरेगॉनमध्ये १८५० च्या कायद्याने एकट्या पुरुषाला ३२० एकर आणि विवाहित जोडप्याला ६४० एकर जमीन मिळे. त्यातली निम्मी थेट बायकोच्या नावावर. बाईच्या नावावर ३२० एकर! त्या काळात ही साधी गोष्ट नव्हती. पण परिणाम काय झाला? दुप्पट जमिनीसाठी पुरुष घाईने लग्न करू लागले आणि कोवळ्या मुलींची लग्नं लागली. आणि वाटली जाणारी जमीन मुळात तिथल्या मूळनिवासी लोकांची होती, त्यांच्याशी देवघेव पुरती मिटलीही नव्हती. हक्क बाईला मिळाला खरा, पण तो कुणाच्या सोयीसाठी आणि कुणाच्या जिवावर, हे विचारल्याशिवाय त्याची गोष्ट पुरी होत नाही.

तुम्ही म्हणाल, हे सगळं अमेरिकेचं. आपल्याकडे तर हक्क कुणाच्या सोयीने आला नाही, सूरह निसामध्ये मुलीचा हिस्सा ठरवून दिलेला आहे. बरोबर. बायकोची मालमत्ता बायकोची, नवऱ्याचा तिच्यावर दावा नाही, मेहर तिचा, वारसा तिचा. इंग्रजी कायद्यातली ती 'एकच व्यक्ती' आपल्याकडे कधी नव्हती. १८७४ मध्ये ब्रिटिशांनी भारतात विवाहित स्त्रियांच्या मालमत्तेचा कायदा केला तेव्हा मुस्लिम आणि हिंदू स्त्रियांना त्यातून वगळलं, कारण ज्या इंग्रजी नियमाचं ते औषध होतं तो नियम त्यांना लागूच नव्हता.

पण आपल्या मुंबईचाच एक निकाल ऐका. १८४७ साल, म्हणजे बेट्सीच्या निकालानंतर बरोबर दहा वर्षांनी. खोजा आणि मेमन समाजातल्या मुलींनी बापाच्या मालमत्तेत कुरआनप्रमाणे हिस्सा मागितला. हीरबाई विरुद्ध सोनाबाई हा त्यातला एक खटला. समाजातल्या पुरुषांचं म्हणणं होतं, आम्ही मुसलमान आहोत, पण वारशाच्या बाबतीत आमची रूढी वेगळी, आमच्यात मुलींना हिस्सा देत नाहीत. सर अर्स्किन पेरी यांनी निकाल दिला की रूढी सिद्ध झाली आहे, म्हणून रूढीच चालेल. मुली हरल्या.

मिसिसिपीत रूढीने बाईला तारलं, मुंबईत रूढीने बाईला बुडवलं. दोन्हीकडे कोर्ट परकं, दोन्हीकडे 'आमचा रिवाज' हाच मुद्दा. म्हणून कुणी मला रूढी चांगली की वाईट असं विचारलं तर मी उलट विचारतो, ती कोण सांगतंय आणि कुणाच्या फायद्यासाठी? मुंबईतल्या त्या पुरुषांना नमाजात, निकाहात, कफन-दफनात शरियत हवी होती. जमीन-पैशाची वेळ आली की रूढी आठवली. १९३७ मध्ये शरियत कायदा आला तो अशा रूढी मोडण्यासाठीच. तरी त्याच्या कलम दोनमध्ये शेतजमिनीचा प्रश्न सोडून, असा अपवाद राहिला. गावात राहणाऱ्या कुटुंबाकडे शेतजमिनीशिवाय असतं तरी काय?

आणि आज? आज आपल्याला कोर्टात रूढी सिद्ध करावी लागत नाही. हक्कसोडपत्र पुरतं. कायदा मुलीचा हिस्सा मान्य करतो, मौलवी साहेब मान्य करतात, अब्बाही मान्य करतात. फक्त तिने तो 'राजीखुशीने' सोडायचा असतो. हे फक्त आपल्या समाजात घडतं असं नाही, गावातल्या माझ्या हिंदू मित्रांच्या घरीही बहिणी अशाच सह्या करतात. पण चौदाशे वर्षांची फुशारकी ते मारत नाहीत, आपण मारतो. म्हणून आपल्यावर जबाबदारी जास्त आहे.

यात मला अमेरिकेतली एक जुनी पद्धत लक्षात राहिली. तिथल्या अनेक राज्यांत नवरा जमीन विकायला निघाला आणि बायकोला आपला हक्क सोडायचा असला, तर न्यायाधीश किंवा अधिकारी तिला नवऱ्यापासून वेगळं बाजूला घेऊन विचारत असे. तू हे स्वतःच्या मर्जीने करतेस का? तुला कागदात काय लिहिलंय ते समजलं का? नवऱ्याच्या भीतीने तर नाही ना? मग तसं कागदावर लिहिलं जाई. मी भोळा नाही. बाहेर ओसरीवर नवरा उभा आहे आणि रात्री त्याच घरात झोपायचं आहे, तर बाई आत काय उत्तर देणार? बहुतेकदा तो नुसता उपचार असणार. तरी त्या कायद्याला, इतक्या अन्यायी कायद्याला, एवढं तरी कळत होतं की घरच्यांच्या समोर दिलेला होकार हा पुरता होकार नसतो.

माझ्या फुफीला कुणी बाजूला घेऊन विचारलं नाही. तिच्या एका बाजूला अब्बा होते, दुसऱ्या बाजूला चाचा. जमिनीची किंमत काय, तिचा हिस्सा किती, हे तिला कुणी सांगितलं नाही. फुफा तेव्हा आजारी होते, हेही मला आत्ता आठवतं. तेव्हा कुणालाच ते सहीशी जोडावंसं वाटलं नाही.

मी अब्बांशी बोललो. ते बराच वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "तिने राजीखुशीने दिलं. आम्ही तिला कधी काही कमी पडू दिलं का?" खरंच कमी पडू दिलं नाही. ईदला कपडे, मुलींच्या लग्नात मदत, आजारपणात धावपळ. पण हिस्सा आणि मदत यांत फरक आहे. मदत देणाऱ्याच्या मर्जीने मिळते आणि घेणाऱ्याची मान थोडी खाली जाते. हिस्सा मागावा लागत नाही. मी हे बोललो तेव्हा अब्बांना राग आला. दुसऱ्या दिवशी त्यांनीच विचारलं, "तिचा हिस्सा आज धरला तर किती होतो?" हिशोब मांडायला सोपा होता. दोन भाऊ, एक बहीण, दादी आधीच गेलेल्या. भावांचे दोन-दोन आणि बहिणीचा एक, म्हणजे पाचातला एक हिस्सा.

मग मी फुफीकडे गेलो. एकटाच. तिला सगळं सांगितलं, आकडा सांगितला, माझी फी त्यातून भरली तेही सांगितलं. मला वाटलं होतं ती रडेल किंवा मला गप्प करेल. ती म्हणाली, "तेव्हा कुणी एवढं बसून सांगितलं असतं, तर कदाचित मी तरीही सही केली असती. पण मला माहीत असतं, मी काय दिलं ते." थोड्या वेळाने म्हणाली, "आणि कदाचित नसती केली."

माझ्या कमाईतून मी तिला थोडं थोडं परत करायचं ठरवलं आहे. ती नको म्हणत नाही, आणि मला त्याचा आनंद आहे. उरलेल्या जमिनीचं काय, ते अब्बा आणि चाचांनी ठरवायचं आहे. बोलणं चालू आहे. चाचा अजून तयार नाहीत.

तुमच्यापैकी अनेकांच्या घरी हा प्रसंग यायचा आहे किंवा येऊन गेला आहे. माझं म्हणणं मोठं नाही. घरात मयत झाल्यावर निदान काही महिने कुणाकडूनही सही घेऊ नका. आधी वारस नोंदीत सगळ्यांची नावं लागू द्या, मुलींचीही, मग बोला. बहिणीला जमिनीची किंमत आकड्यात सांगा. तिला एकटीला विचारा, किंवा घराबाहेरच्या, तिचा विश्वास असलेल्या कुणाला तरी विचारू द्या. तिने हिस्सा घेतला तर माहेर तुटलं असं म्हणू नका, आणि कुणी म्हणालं तर तिच्या बाजूने उभे राहा. हे भावांनी बोलायचं आहे. बहिणीने मागायची वाट पाहिली, तर ती मागणार नाही हे आपल्याला पक्कं माहीत असतं, आणि आपला सगळा हिशोब त्याच भरवशावर चालतो.

मुलींनो, तुम्हालाही एक सांगतो. नाव लागलं म्हणजे हक्क मिळाला असं समजू नका. मिसिसिपीच्या आणि कॅलिफोर्नियाच्या बायकांच्याही नावावर होतं. भाडं कुणाच्या खात्यात जमा होतं, पीक कोण विकतं, कागदाची फाइल कुणाच्या कपाटात आहे, हे विचारा.

वादविवाद स्पर्धेतला माझा तो जुना मुद्दा मी टाकून दिलेला नाही. तो आजही मांडेन. फक्त मांडण्याआधी घरचा सातबारा काढून पाहीन. तुम्हीही पाहा. तो ऑनलाइन निघतो, पाच मिनिटं लागतात. दादा-नानांच्या नावाखाली कुणाची नावं आहेत ते वाचा, आणि कुणाची असायला हवी होती ते मोजा.